अनुमोदक

गोळीबार चौकाच्या मागे, कोष्टीपुऱ्यात,
निखारे सरांची रात्रशाळा भरायची.
दिवसभर माग चालवून आलेली आम्ही अकरा पोरं,
केसांत कापसाची धूळ,
आणि मे महिन्यात रात्री नऊलाही तापलेल्या भिंतीवरच्या फळ्यावर
सर खडूने टायबर नदी काढायचे.
नागनदीच वाटायची ती.
वाकडी, आणि काठच्या लोकांनी पाठ फिरवलेली.

सर म्हणाले, राजा हा शब्द रोममध्ये
जवळजवळ पाचशे वर्षं शिवी होता.
म्हणून ज्याला राजा व्हायचं होतं
त्यानं तो शब्द ओठांवर येऊ दिला नाही.
त्याच्या आईच्या मामाला
नुसत्या त्या वासावरून भर सभेत तेवीस वार पडले होते.

हा शिकला त्यातून.
सिनेट ठेवली. निवडणुका ठेवल्या.
दोन कॉन्सुल दरसाल ठेवले.
स्वतःला म्हणवलं, फक्त पहिला नागरिक.
आणि जानेवारीतल्या एका दिवशी उभा राहून म्हणाला,
घ्या, सगळं तुमचं तुम्हाला परत.
सभागृह रडकुंडीला आलं.
नको म्हणाले. नको.

कापड घरच्या बायकांनी विणलेलंच नेसायचा, सर म्हणाले.
"मंग तं आपलाच मानूस हाय, सर,"
भिंतीला टेकलेला पराते बोलला.
आम्ही हसलो.
सर फळा पुसत राहिले,
जिथे काहीच लिहिलेलं नव्हतं.

भाऊ हेडाऊंनी कधी कुणाचं वाईट केलं नाही,
हे आधी लिहितो.
सोसायटीचं सुताचं गोदाम जळालं त्या वर्षी
स्वतःचं घर गहाण टाकून
इतवारीतून चाळीस गाठी त्यांनीच उधार आणल्या.
आमची चूल पेटली ती त्या गाठींवर.
दर वार्षिक सभेला ते राजीनामा आणायचे,
घडी घातलेला,
काचेच्या पेपरवेटखाली ठेवायचे
आणि पाणी प्यायला बाहेर जायचे.
"भाऊ, तुमी नसान तं पाहीन कोन?"
कोणीतरी म्हणायचंच.

पोटनियम चौदा: सलग दोनपेक्षा जास्त मुदती नाहीत.
तो कोणी खोडला नाही.
अजून छापलेला आहे, पान सहा.
सभा होत राहिल्या, तर्री-पोहे येत राहिले,
एका हातात प्लेट, दुसरा हात वर.
नंतर हातही नको झाले, नुसत्या माना.
नंतर सभेची नोटीस आदल्या रात्री.
नंतर मीराबाई निमजे,
ज्यांनी एकदा ताळेबंदावर प्रश्न विचारला होता,
त्यांच्या मागाला सूत उशिरा यायला लागलं.
तसं करा म्हणून
कोणी कोणाला सांगितलं नव्हतं.

सहामाहीला सरांनी एकच प्रश्न घातला होता:
रोमचं गणराज्य कोणत्या दिवशी संपलं?
मी लिहिलं, इसवीसनपूर्व सत्तावीस.
सरांनी पाचांपैकी दीड दिला,
आणि समासात लाल पेनने:
"त्या संध्याकाळी घरी जाऊन ते काय जेवले असतील?"
मला वाटलं, उन्हानं सरांचं डोकं फिरलं.

काल कार्यालयात भाऊंच्या मुलाचा सत्कार होता.
खुर्ची तीच, पेपरवेट तोच.
मी भलत्याच कामासाठी जुन्या इतिवृत्ताची वही काढली
आणि ते पान लागलं.
ठराव क्रमांक नऊ:
राजीनामा सर्वानुमते नामंजूर,
यापुढे तो मांडण्याची आवश्यकता नाही.
सूचक, पराते.
खाली अनुमोदक म्हणून माझी सही,
सुबक, रात्रशाळेत घोटलेल्या वळणाची.
तिच्यावर गोल शिक्का, जांभळ्या शाईचा,
इतक्या वर्षांत जरासुद्धा न फिकटलेला.

त्या संध्याकाळी आमच्या घरी वडाभात होता, सर.
मी दोनदा वाढून घेतला.